समोरच्यांचं प्रस्थान

१

गुरुवारी दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण समोरचे नंदकुमारकाका आमच्याच खोलीत मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते आणि त्यांनीच ती मोठ्याने सांगितली. सत्त्याण्णव साल, फेब्रुवारी महिना.

ऐरोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एक आमचं, भाड्याचं. आमचे हे, धनाजी, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहेत. दुसरं दार नंदकुमारकाका आणि मीनाकाकूंचं. काका सरकारी खात्यात नकाशे काढायचे, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्यांना मूल एकच, सई. ती इंदूरला दिलेली. तिच्या मुलाचा मंगळवारी पहिला वाढदिवस होता आणि त्यासाठी दोघं आपल्या फियाटने जाणार होते. एवढ्या लांब ते गाडीने कधी गेले नव्हते, म्हणून महिनाभर नुसती तयारी चालली होती.

निघायचं होतं रविवारी. पण रविवारी मुहूर्त नाही असं काकूंच्या पंचांगात निघालं. गुरुवार चांगला होता, तर गुरुवारी गाडी दिघ्याच्या गॅरेजात क्लचसाठी पडलेली. मग काकू म्हणाल्या, "तुझ्याकडे प्रस्थान ठेवू, राजी."

हे आमच्या साताऱ्याकडेही करतात. मुहूर्त आधीचा आणि निघणं नंतरचं असलं की मुहूर्तावर एक गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. तेव्हाच निघालो असं धरायचं. मग खरंच निघताना ते शेजाऱ्याकडून उचलायचं आणि तसंच पुढे जायचं, परत आपल्या घरात न्यायचं नाही.

काकूंनी पाटावर कोरं फडकं पसरलं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. जो जाणार त्याचं एकेक अंगातलं कापड लागतं, म्हणून काकांची टोपी आणि स्वतःचा एक ब्लाऊज.

माझी जाई तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. दिवसभर काकूंच्या मागे मागे. तिने भोकाड पसरलं. "मी पन आजीबरोबर! मी पन गाडीत!" जमिनीवर लोळायला लागली. काका घड्याळ बघत होते, काकू गाठ धरून थांबलेल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोरीवरचा तिचा पिवळा फ्रॉक ओढला. त्याच्या बाहीवर माझ्याच हातून इस्त्रीचा तपकिरी डाग पडला होता, पुसायला काढणारच होते. तो गाठोड्यात ठेवला आणि म्हटलं, "हे बघ. झालं. गेलीस तू पण इंदूरला. आता गप."

जाई गप्प झाली. हुंदका अर्धाच राहिला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या.

"अठरा," काका म्हणाले. "ठेव आता."

काकूंनी गाठ मारली.

२

गाठोडं उत्तरेच्या भिंतीला, कपाटाच्या बाजूला पाटावर ठेवलं होतं. काकू गेल्यावर मी भांडी घासायला बसले. अर्धा तास झाला तरी जाईचा आवाज नाही. रोज ह्या वेळेला ती डबे वाजवते, नळ सोडते, माझी वेणी ओढते. म्हणून बघायला गेले.

ती गाठोड्यासमोर मांडी घालून बसली होती. दोन्ही हात मांडीवर. हळूहळू झुलत होती, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मधेच पुढे झुकायची आणि पुन्हा मागे व्हायची. खेळ असेल असं मला वाटलं.

मग तो आवाज ऐकू आला. घुर्रर्र, एकसारखा, बारीक. आधी वाटलं पंखा. पंखा बंद केला. आवाज तसाच. सोसायटीचा पंप सकाळीच चालतो. ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक दिवसभर ऐकू येतात, पण ते येतात आणि जातात. हा जात नव्हता. भिंतीला कान लावला तर काही नाही. गाठोड्याजवळ वाकले तर होता.

मी स्वतःलाच म्हटलं, राजी, तुझ्या डोक्यात काहीही येतं. खरंच येतं. पोरीला शिंक आली तरी मी रात्रभर जागणारी बाई. आमचे हे त्यावरून चिडवतातही.

ते संध्याकाळी आले. रोज जाई धावत जाऊन त्यांचे खिसे तपासते, शेंगदाणे मिळेपर्यंत सोडत नाही.

"काय गं," ते म्हणाले, "आज आमची हवालदारीण झडती घ्यायला न्हाय आली?"

"झोप आली असेल."

"दुपारी हिंडली असंल उन्हात. लई काळजी करू नकोस."

आता एक सांगायला पाहिजे. माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय जाई झोपत नाही. अंगावर पीत होती तेव्हापासूनची सवय. तिच्या नखाला लागू नये म्हणून मी रोज निजताना कानातलं काढून ठेवते. त्या दिवशीही काढून तिच्या शेजारी आडवी झाले. तर ती आधीच झोपली होती. बसल्या बसल्या, हात मांडीवर ठेवून.

३

शुक्रवारी सकाळी काकूंना लाडू वळू लागायचे होते. मी गेले. त्यांच्या दाराबाहेरचा चपलांचा स्टँड रिकामा होता. बाहेर गेले असतील म्हणावं, तर आत काकांचा खोकला ऐकू येत होता. बेल दोनदा वाजवली. कोणी आलं नाही. दार ढकललं, तर उघडंच.

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, अनवाणी. बेसन भाजलेलं, पण पार गार पडलेलं.

"अगं, केव्हा आलीस?"

"आत्ताच. बेल दिली की दोनदा."

"ह्या गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नाही बघ." मग स्वतःच हसल्या. "काय बोलतेय मी बाई."

आतून काका म्हणाले, "मीने, थर्मासचं झाकण बदललंस का? मागे लोणावळ्यापर्यंत माझ्या मांडीवर चहा गळत होता."

"तुम्हीच उलटा धरला होतात. राजी, ह्यांनी चाळीस वर्षं रेघा सरळ काढल्या, पण थर्मास सरळ धरता येत नाही."

मला बरं वाटलं. नेहमीची माणसं, नेहमीची भांडणं. मी लाडू वळायला बसले. टेबलावर चहाचे दोन कप होते, काठोकाठ भरलेले, वर जाड साय. काल दुपारी मीच ते दोन कप पाहिले होते, प्रस्थान ठेवायला येताना काकूंनी चहा गाळून ठेवला होता.

काकांनी मला हाक मारली. त्यांनी मोठ्या कागदावर सगळा रस्ता काढला होता, सुंदर, छापल्यासारखा. दोन प्रती केल्या होत्या, एक गाडीत न्यायची, एक घरी. प्रत्येक गावापुढे वेळ आणि एक चौकोन. मी सातवी शिकलेली, पण ते अक्षर लहान मूलही वाचील असं होतं. ऐरोली, कळवा, भिवंडी, कसारा, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर.

नाशिकपर्यंतच्या चौकोनांत पेन्सिलीने टिका केल्या होत्या.

"काका, अजून निघाला कुठे तुम्ही? आधीच टिका?"

"नोंद जागच्या जागी केलेली बरी, बाळ. नंतर आठवत नाही."

प्रत्येक चौकोनात तीन टिका होत्या. दोन मोठ्या आणि एक लहान. मी ऐरोलीपासून नाशिकपर्यंत पुन्हा मोजल्या.

"कसाऱ्याला काय गार वारा होता नाही?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पोरीला शाल नाही घेतली आपण."

निघताना मी जाईसाठी एक लाडू मागितला. काकूंनी उचललेला लाडू परत डब्यात ठेवला.

"तिचे वेगळे बांधलेत मी," त्या म्हणाल्या.

४

दुपारी जाईला भात भरवायला बसले. घास तोंडात धरून ठेवायची, गिळायची नाही. चार हाका मारल्या तर एकदा मान वळायची, तीसुद्धा भलतीकडे. अंगाला हात लावला, ताप नव्हता. केस मात्र सगळे मागे उडालेले, गुंता झालेला. खिडकी बंद होती. गालावर बारीक धूळ होती. मी ओल्या फडक्याने पुसली, फडकं काळं झालं. सकाळीच तिला आंघोळ घातली होती.

"जाई, कुठे गेली होतीस गं?"

तिने खूप वेळाने उत्तर दिलं. "गाय आली मधे."

"कुठे?"

"रोडवर. आबा म्हनाले, धरून बस." काकांना ती आबा म्हणायची.

आणि तिने ओकारी केली. भात नव्हताच. द्राक्षं होती. हिरवी, न चावता गिळलेली, पाच-सहा. तिची डावी मूठ मी उघडली, तर आत द्राक्षाच्या घडाचा देठ.

धनाजी आले तेव्हा मी दारातच विचारलं, "तुम्ही द्राक्षं आणली होती का?"

"फळ मार्केटात नाशिकच्या द्राक्षांचे ढीग लागल्यात. पण मी कुठं आणली?"

"मग हिने कुठली खाल्ली?"

"समोरच्या काकूनं दिली असतील. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. मीही तेच धरून ठेवलं. काकूंनीच दिली असतील. मी भांडी घासत होते तेव्हा जाई हळूच गेली असेल, काकूंनी दिली असतील. पण दाराची वरची कडी मी लावलेली होती, आणि तिथे तिचा हात पोचत नाही.

तिला घेऊन सेक्टरातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली. "काही विशेष नाही. प्रवासातून आलात ना? गाडी लागलीय मुलीला."

"कुठेच गेलो न्हाय आमी," धनाजी म्हणाले.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. जाई माझ्या कडेवर होती. तीन वर्षांची पोर, बारा किलोची. जिने चढताना मी नेहमी दोनदा थांबते. त्या दिवशी एकदाही थांबले नाही आणि वर पोचल्यावर ते लक्षात आलं.

५

शनिवारी सकाळी मी सरळ काकूंकडे गेले. बेल वाजवलीच नाही. दोघं बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर बसले होते, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. काकांचे हात पुढे होते, गोल काहीतरी धरल्यासारखे. मला बघून खाली घेतले.

कागद टेबलावर होता. चांदवड, मालेगाव झालं होतं. धुळ्याच्या चौकोनात एक मोठी टीक होती, आणि दुसरी अर्धवट.

"काकू, मला जाईचा फ्रॉक काढून द्या," मी म्हटलं. "गाठ तुम्हीच सोडा, मला काही कळत नाही त्यातलं. तिला बरं वाटत नाहीये."

"प्रस्थानाची गाठ मधे सोडत नाहीत, राजी."

"एक फ्रॉक तर आहे."

"सोडली तर आम्ही कुठे असू?" त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं, जसं मीठ आहे का विचारतात. डोळे मात्र भरले होते. "आणि तिला मधेच कुठे उतरवू? आग्रा रोडवर? एवढीशी पोर."

"काकू, ती माझ्या घरात आहे! आत्ता, पलीकडे बसलीय!"

"हो ना," काकू म्हणाल्या. मग माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता, काच तापते ना उन्हात, तसा. "मी गाठ थांबवली होती, बघितलंस तू. पण तू तोंडाने म्हणालीस गं. गेलीस तू पण, असं. मला वाटलं, आईच म्हणते आहे..."

"तिला गप्प करायला म्हटलं मी!"

"मीने," काका म्हणाले, "पुढे बघ. वळण आहे."

मी घरी आले. दार लावलं. मी विचार केला: ही म्हातारी माणसं आहेत, लांबच्या प्रवासाची धास्ती घेतलीय, डोक्यावर परिणाम होतो असा. आणि मी घाबरट आहे, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पोरीला अपचन झालंय. एवढंच.

जाई पाटासमोर झुलत होती. मी तिला उचलून पलीकडे ठेवली. तोंड भिंतीकडे करूनच बसली.

६

दुपारी दोनला गाठ सोडली.

गुरुवारी काकूंनी एकच गाठ मारलेली मी पाहिली होती. आता तीन होत्या, एकीवर एक. तिसरी लहान. नखं मोडली माझी. सोडवताना घुर्रर्र आवाज वाढत गेला, आणि आत कोणीतरी बोलत असल्याचा भास झाला, बंद काचेच्या पलीकडून येतं तसं बोलणं.

आत तांदूळ होते, सुपारी, हळकुंड. काकांची टोपी आतल्या कडेला घामाने ओली. फ्रॉक सगळ्यात खाली होता. हाताला गरम लागला, कोणी आत्ता अंगातून काढून दिल्यासारखा, आणि त्याला पेट्रोलचा वास होता. मी तो बघितलासुद्धा नाही. नुसता खेचला, कपाटात साड्यांच्या खाली कोंबला, कपाटाला किल्ली लावली, आणि गाठोडं पुन्हा बांधलं. माझ्या हातून दोनच गाठी बसल्या.

आवाज थांबला. इतका एकदम थांबला की मला रस्त्यावरचा भंगारवाला ऐकू आला, खालच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू आला. दोन दिवस मी हे काहीच ऐकलं नव्हतं.

"आई," मागून जाई म्हणाली. "भूक लागली."

मी तिला मिठीत घेतलं आणि हमसून हमसून रडले. तिने वरण-भात खाल्ला, ताट चाटून पुसून. पाणी प्यायली. ती जड लागत होती. केसांचा गुंता मी सोडवला, तर हूं की चूं केलं नाही. शहाण्यासारखी बसून राहिली.

साडेचारला फियाट गॅरेजातून आली. धनाजी गॅलरीत चहा पीत होते. "आयला, गॅरेजात होती का शेतात?" ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. गाडी धुळीने माखली होती, दिव्यांवर आणि काचेवर चिलटं चिकटून मेलेली, शेकड्यांनी.

"मेकॅनिकनं फिरवली असंल भाड्यावर," धनाजी म्हणाले. "त्यांचा धंदाच हाय तो."

काका बादली-फडकं घेऊन खाली आले आणि काच पुसायला लागले. मागच्या सीटवर कितीतरी वेळ ते वाकले होते. मग हातात काहीतरी पिवळं घेऊन सरळ झाले आणि वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं. मी आत गेले.

त्या दिवशी निजताना कानातलं काढून मी जाईशेजारी आडवी झाले. तिने डोळे मिटले. हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले. मी तिचा हात उचलून माझ्या कानाला लावला. तिने थोडा वेळ तसाच राहू दिला, मी धरला होता तोवर. सोडल्यावर खाली पडला.

दमली असेल, मी म्हटलं. दोन दिवस आजारी होती.

७

रविवारी सव्वासातला उजाडलं होतं. काकू प्रस्थान न्यायला आल्या. नवी साडी, केसांत अबोली. मी त्यांच्या हातावर दही घातलं, काकांच्याही. रीत मोडायची नव्हती मला, आता तरी नको.

काकूंनी गाठोडं उचललं आणि क्षणभर तळहातावर तोललं. त्यांनी गाठी पाहिल्या. जाई माझ्या कडेवर होती, तिच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. फिरवताना माझ्याकडे बघितलं, जाईकडे नाही.

"किल्ली ठेव," त्या म्हणाल्या. "तुळशीला पाणी घाल. येतो आम्ही."

"सावकाश जा काका. धुळ्याला मुक्काम कराच. उन्हाचं चालवू नका."

"सगळं कागदावर आहे," काका म्हणाले.

जाई रडली नाही. मी पन येनार, म्हणाली नाही. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. "टाटा कर जाई. आजीला टाटा कर." तिने हात वर केला आणि हलवला, मी सांगितला तेवढाच.

गाडी सुरू झाली. पाण्याच्या टाकीपाशी वळताना काकूंची बाजू आमच्याकडे आली. काच खाली होती. काकूंच्या मांडीवर कोणीतरी बसलं होतं. तोंड दिसलं नाही, काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलेलं होतं, झोप आल्यासारखं. एक पिवळी बाही दिसली. बाहीवर तपकिरी डाग. त्या बाहीतून एक लहानसा हात वर गेला होता आणि त्याने काकूंच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली होती.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. गाडी टाकीमागे गेली.

मी कपाट उघडलं. साड्या खाली फेकल्या. फ्रॉक होता तिथेच. पिवळाच होता, त्याच मापाचा. दोन्ही बाह्या उजेडात धरून पाहिल्या, आतून, बाहेरून.

डाग नव्हता.

कडेवरची जाई माझ्याकडे शांतपणे बघत होती.

८

सोमवारी संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालत असताना काकांच्या घरात फोन वाजला. सई होती.

"राजीवहिनी, आई-बाबा निघालेत ना? दुपारी पोचायचे होते."

"काल सकाळीच निघाले."

"धुळ्याच्या हॉटेलात फोन केला मी. तिथे उतरलेच नाहीत. पण मॅनेजर म्हणतो, त्यांच्या नावावर शनिवारी दुपारी खोली घेतली होती कोणीतरी. दोन मोठी माणसं आणि एक मूल. त्याच दुपारी घाईघाईने सोडून गेली म्हणे. मूल सारखं रडत होतं, आई हाक मारतेय म्हणून." मग सई स्वतःच म्हणाली, "दुसरेच कोणी असतील. शनिवारी कसे असतील ते?"

मी फोन धरून उभी राहिले. समोर टेबलावर काकांचा कागद होता, घरी ठेवलेली प्रत. धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, सगळ्या चौकोनांत टिका होत्या. दोन मोठ्या, एक लहान. आणि इंदूरवर रेघ थांबली नव्हती. कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. पुढे गावांची नावं नव्हती, नुसत्या वेळा लिहिल्या होत्या आणि चौकोन.

पोलिसांनी शोधलं. सईचा नवरा पुन्हा पुन्हा त्या रस्त्याने जाऊन आला. गाडी नाही, अपघात नाही, कोणी बघितलं नाही. ह्याला आता दीड वर्ष झालं. धनाजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग जाईला जवळ घेऊन म्हणाले, "ही काय हितं हाय की तुझ्यासमोर. डोकं शिनलंय तुझं."

आहे. माझ्यासमोर आहे. चांगली वाढतेय. पाचवं लागलंय, शिशुवर्गात जाते, बाई म्हणतात इतकं शहाणं मूल वर्गात नाही. हट्ट करत नाही, खिसे तपासत नाही. मी तिला जेवू घालते, वेणी घालते, ताप आला तर उशाशी बसते. तिचा काही दोष नाही, आणि तिला मी कधी तसं वागवलं नाही, देव साक्षी आहे. पण हात सरळ ठेवून निजते.

मी गाठ सोडली नसती तर जाई त्यांच्याबरोबर इंदूरला पोचून त्यांच्याबरोबरच परत आली असती का? की सोडली म्हणून निदान एवढी तरी माझ्याकडे आली? रोज दुपारी बारा अठराला मी हे विचारते. उत्तर देणारं समोरच्या दारात कोणी नाही.

म्हणून हे लिहिलंय. वाचाल त्यांनी पुढे सांगा. माहेरी सांगा, सासरी सांगा, घरात कोणाचं प्रस्थान ठेवलं असेल तर पोराबाळांचे कपडे दोरीवरसुद्धा ठेवू नका, आणि पोर कितीही रडलं तरी गेलीस म्हणू नका. आणि तुमच्या ओळखीत कोणी ट्रकवर असेल, एसटीवर असेल, आग्रा रोडने किंवा त्याच्याही पुढे जाणारं असेल, तर त्यांना एवढं सांगा. क्रीम रंगाची जुनी फियाट दिसली, आत म्हातारं जोडपं आणि पिवळ्या फ्रॉकातली मुलगी, तर गाडी अडवू नका, घाबरवू नका. नुसतं तिच्या बाहीवर डाग आहे का बघा. असला तर तिच्याजवळ जाऊन हळूच सांगा, तुझी आई अजून रोज कानातलं काढूनच निजते.